फूल कुणाच्या नावाचं?

वाचकांचे प्रश्न, आपांची उत्तरं

प्रश्न : आपा, सलाम. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. गेली सोळा वर्षं आम्ही इंग्लंडात लेस्टरला आहोत. मुलगा तेरा वर्षांचा आहे. इथे नोव्हेंबर लागला की शाळेत लाल कागदी फुलांचा डबा ठेवतात. डब्यात पैसे टाकायचे, फूल घ्यायचं आणि कोटाला लावायचं. पॉपी म्हणतात त्याला. युद्धात मेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून ११ नोव्हेंबरपर्यंत सगळे लावतात. यंदा वर्गात माझ्या मुलाच्या आणि आणखी दोघांच्या कोटावर फूल नव्हतं. एक मुलगा म्हणाला, ‘तुमचे लोक लावतच नाहीत.’ घरी येऊन हा विचारतो, ‘अम्मी, आपण का लावत नाही?’ त्याचे अब्बा म्हणतात, इराकवर बॉम्ब टाकणाऱ्यांची आठवण आपण का ठेवायची? मशिदीतले एक बुजुर्ग म्हणाले, ही परधर्माची नक्कल आहे, लावू नये. माझी मैत्रीण म्हणते, लाव गं बाई, पोराला त्रास नको. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून जास्त त्रास होतो. काय करू?
– एक आई, लेस्टर

उत्तर : बेटा, वालेकुम सलाम.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी उठले आणि कपाटातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांतल्या सटरफटर वस्तू आहेत. तळाशी गंजलेली टाचणी टोचलेला एक कागदी झेंडा सापडला. वरून लाल, मध्ये गडद निळा, खाली फिकट निळा. तूही शाळेत असताना लावला असशील. ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून आपल्याकडे तो पाळतात. शाळेत पाकिटं यायची, वर्गशिक्षिका म्हणून मी वाटायची, मुलं चाराणे-आठाणे आणायची, आणि दर वर्षी कुणाच्या तरी बोटाला टाचणी टोचायचीच. पैसे माजी सैनिकांसाठी, त्यांच्या विधवांसाठी जायचे. धर्म कुठला, हा प्रश्न कुणाच्याच मनात यायचा नाही.

एका वर्षी आला. साल सांगत नाही, पण देशात हवा बिघडलेली होती. एक सहकारी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि पैसे टाकून झेंडा घेणाऱ्या मुसलमान मुलांची मोजणी करू लागले. तोंडानं काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. पण मुलांना कळतं. सहावीतला एक पोरगा, ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटायची मारामार, त्यानं एका झेंड्याऐवजी चार घेतले आणि चारही छातीवर लावले. मी त्या दिवशी वाटप थांबवलं. पाकीट परत ऑफिसात दिलं आणि माझ्या पगारातून वर्गाचे पैसे भरले. तो पोरगा आणि त्याचे चार झेंडे मी विसरले नाही.

हे आधी सांगितलं, कारण तुझ्या मुलाला जे टोचलंय ते फुलापेक्षा ‘तुमचे लोक’ हे दोन शब्द आहेत. त्याकडे येतेच.

आधी त्या बुजुर्गांचं घेऊ. मी आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही, इतिहासाची मास्तरीण आहे, म्हणून फूल आलं कुठून तेवढं सांगते. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर तोफगोळ्यांनी शेतंच्या शेतं उकरली गेली. आपल्या खसखशीच्या जातीचं एक लाल रानफूल तिथल्या मातीत असतं. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि जमीन खालीवर झाली की रुजतं. त्यामुळे जिथे माणसं मेली आणि पुरली गेली, तिथेच ती फुलं फुलली. कॅनडाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरनं १९१५ साली त्यावर कविता लिहिली, ती वाचून एका अमेरिकन शिक्षिकेनं फूल कपड्यांवर लावायला सुरुवात केली, एका फ्रेंच बाईनं कापडी फुलं करून विकण्याची कल्पना युरोपभर नेली, आणि १९२१ साली ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या संघटनेनं पहिली विक्री केली. पुढच्याच वर्षी लंगड्या-लुळ्या झालेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून फुलांचा कारखाना निघाला. यात चर्चचं, क्रुसाचं, प्रार्थनेचं काही नाही. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारच्या समारंभात प्रार्थना असते, हे खरं. पण लंडनच्या मुख्य युद्धस्मारकापाशी आता इतर धर्मांचे प्रतिनिधीही उभे असतात, मुसलमानांचेही.

आता मेलेल्या माणसासाठी उभं राहणं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत पैगंबरांबद्दलची एक हदीस आहे, त्या बुजुर्गांना ती माहीत असणारच. एक जनाजा चालला होता, रसूलुल्लाह उभे राहिले. कुणी तरी म्हणालं, हा तर यहुद्याचा जनाजा. त्यांनी विचारलं, ‘तो जीव नव्हता का?’ मला या बाबतीत यापुढे काही विचारावंसं वाटत नाही. बुजुर्गांचं मन दुखवू नकोस, वाद घालू नकोस. पण तुझ्या मुलानं दोन मिनिटं शांत उभं राहून मनात दुआ केली तर त्याचा ईमान डळमळणार नाही.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मात्र इतकं सोपं नाही, आणि तो चुकतोय असं मी म्हणणार नाही. त्या डब्यातले पैसे आजच्या सैनिकांसाठीही जातात, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्यांसाठीही. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा लंडनच्या रस्त्यावर लाखो लोक विरोध करायला उतरले होते, त्यात गोरे किती तरी होते. तेव्हा युद्धाला विरोध आणि मेलेल्याचा आदर या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात राहू शकतात. पण ज्याच्या पोटात त्या राहत नाहीत, त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा जेम्स मॅक्लीन नावाचा फुटबॉलपटू आहे, ख्रिश्चन आहे. तो सदऱ्यावर पॉपी लावत नाही. १९७२ साली त्याच्या गावात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, ते त्याला विसरता येत नाही. त्यानं लिहून सांगितलं होतं की फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असतं तर मी लावलं असतं. लोकांनी त्याला मैदानात शिव्या घातल्या. हे उदाहरण तुझ्या नवऱ्याला सांग. त्याच्या मनातला सल हा मुसलमानाचा हट्ट नाही, ज्याच्या माणसांवर कधी तरी त्या सैन्याच्या गोळ्या चालल्या त्या कुणाचाही तो असू शकतो. आणि फूल विकणारी संघटनाही म्हणते की लावायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, सक्तीनं लावलेल्या फुलाला अर्थ नाही.

शिवाय पांढरी पॉपीही मिळते. १९३३ साली ब्रिटनमधल्या सहकारी चळवळीतल्या बायकांनी ती काढली. त्यातल्या कित्येकींचे नवरे, मुलगे, भाऊ पहिल्या युद्धात गेले होते. सगळ्या मृतांची आठवण, नागरिकांचीही, आणि पुन्हा युद्ध नको, असा तिचा अर्थ. तुझ्या नवऱ्याला ती पटेल कदाचित. मला स्वतःला ती आवडते.

मैत्रिणीचा सल्ला मात्र बिलकूल ऐकू नकोस. त्रास नको म्हणून लाव, हे तर त्या चार झेंड्यांचंच दुसरं रूप झालं. पोरगा एकदा भीतीनं फूल लावायला शिकला की पुढच्या वर्षी मोठं लावेल, त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणा मुसलमान पोराच्या कोटाकडे बघेल. २०१४ साली तिकडे पॉपीच्या नक्षीचा हिजाब निघाला होता. काढणाऱ्यांची नियत चांगली होती, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणाऱ्या पहिल्या मुसलमान सैनिकाच्या पराक्रमाची शंभरी त्यांना साजरी करायची होती. पण बऱ्याच मुली म्हणाल्या, आमच्या डोक्यावरच का? गोऱ्या बाईला तर कुणी पॉपीचा स्कार्फ बांधून निष्ठा दाखव म्हणत नाही. मला त्या मुलींचं पटलं. आणि ज्या मूठभर लोकांनी २०१० साली ११ नोव्हेंबरच्या शांततेच्या वेळी लंडनच्या रस्त्यावर पॉपी जाळली, त्यांनी तर तुझ्यामाझ्या पोरांच्या वाटेत काटेच पेरले. ते करणारे किती होते, आणि त्याची किंमत किती घरांनी मोजली!

आता माझं उत्तर. मुलाला लावू दे. पण आधी त्याला एक नाव सांग.

मागे मी मुलीकडे दोन महिने राहायला गेले होते, तेव्हा जावयानं मला लंडनजवळच्या वोकिंगला नेलं. १८८९ साली तिथे मशीद बांधली, भोपाळच्या शाहजहाँ बेगमच्या पैशातून. त्या मशिदीपासून थोड्या अंतरावर झाडीत विटांची भिंत आहे, वर छोटे घुमट आणि कमानीचा दरवाजा. लांबून बघितलं तर विजापूरकडचं काही तरी उचलून आणून ठेवल्यासारखं वाटतं. पहिल्या युद्धात जखमी हिंदी सैनिक ब्रायटनच्या राजवाड्यातल्या इस्पितळात आणत. हिंदू आणि शीख दगावले तर ब्रायटनजवळच्या टेकडीवर दहन होई, तिथे आता संगमरवरी छत्री आहे. मुसलमान दगावले की त्यांना वोकिंगला आणत. जर्मन प्रचार करत होते की इंग्रज मुसलमान शिपायांना रीतीप्रमाणे दफनही करत नाहीत. म्हणून १९१७ साली ही बंदिस्त जागा तयार झाली. पुढे तिथे नासधूस होऊ लागली, म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस मय्यती ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. जागा ओसाड पडली. २०१५ साली तिथे बाग झाली, सत्तावीस सैनिकांसाठी सत्तावीस भूर्जवृक्ष. मी गेले तेव्हा पानं पिवळी पडून पाण्यात तरंगत होती. फातेहा पढले. जावयाच्या कोटाला लाल फूल होतं. त्यानं खिशातून दुसरं काढून माझ्यापुढे धरलं, काही बोलला नाही. मी घेतलं आणि शालीला लावलं.

तुझ्या मुलाला शनिवारी तिथे घेऊन जा. त्याला खुदादाद खानची गोष्ट सांग. पंजाबात चकवालजवळच्या डब गावचा हा शिपाई बलुच पलटणीत मशीनगनवर होता. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये होलेबेके गावापाशी त्याच्या तुकडीतले सगळे मारले गेले, हा जखमी होऊनही मशीनगन चालवत राहिला आणि शेवटी मेला म्हणून शत्रू सोडून गेल्यावर सरपटत परत आला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक. दुसऱ्या युद्धातली नूर इनायत खान सांग. तिचे वडील बडोद्याचे, गायकवाडांच्या राज्यातले, सूफी आणि मोठे गवई. आई अमेरिकन. मुलांसाठी गोष्टी लिहिणारी ही पोरगी पॅरिसमध्ये छुपा वायरलेस चालवत होती, नाझींनी पकडली, काही सांगितलं नाही, १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. लंडनला गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा आहे.

आणि आपल्या कोकणातलं सांग. हे तर शाळेत त्याला कुणीच सांगणार नाही. तुमच्या दापोलीपासून आमच्या रत्नागिरीपर्यंत खाडीकाठच्या प्रत्येक मोहल्ल्यातून माणसं बोटीवर गेली. खलाशी, तांडेल, सारंग. इंग्रजांची व्यापारी जहाजं आपल्या माणसांशिवाय बंदरातून हलत नव्हती, आणि पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. युद्धात पाणबुड्यांनी जहाजं बुडवली तेव्हा इंजिनघरात कोळसा ढकलणारे सगळ्यात आधी गेले, कारण ते सगळ्यात खाली होते. माझे नाना, आईचे वडील, १९४२ साली असेच गेले. आई तेव्हा चार वर्षांची होती. घरी तार आली ती वाचायला मोहल्ल्यात कुणी नव्हतं, पोस्टमननंच वाचून दाखवली. नानी कधी ‘शहीद’ म्हणाली नाही, ‘युद्धात गेले’ म्हणाली नाही. ‘पाण्यात गेले’ एवढंच म्हणायची, जसं मासेमारीला गेलेला कुणी बुडावा. लंडनमध्ये टॉवर हिलवर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर बुडालेल्या हजारो खलाशांची नावं कांस्याच्या पाट्यांवर आहेत. आपल्यांची नावं तिथे लिहिली नाहीत. दुसऱ्या युद्धात गेलेल्या आपल्या जवळपास साडेसहा हजार खलाशांची नावं दोन वह्यांत आहेत, एक मुंबईत, एक चितगावला.

वोकिंगला शालीवर लावलेलं फूल मी नानांच्या नावानं लावलं. इंग्लंडच्या राजासाठी नव्हे, आणि ‘तुमचे लोक’ म्हणणाऱ्याला दाखवायला तर नाहीच. तुझ्या मुलाला त्याच्या खानदानातलं असं एखादं नाव शोधून दे. घरातल्या म्हाताऱ्यांना फोन कर, दापोलीकडे असं नाव नसलेलं घर सापडणं कठीण. मग ते नाव मनात घेऊन तो फूल लावेल. आणि त्याला नाहीच लावावंसं वाटलं, तर नाही लावलं असंही ताठ मानेनं म्हणू दे. ज्या मुलानं ‘तुमचे लोक’ म्हटलं त्याला त्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, पण वर्गशिक्षिकेला तू भेट. ही गोष्ट तेरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं निस्तरायची नाही. शाळेला सांग की पुढच्या नोव्हेंबरात हिंदी सैनिकांवर एक तास घ्या, हवं तर मी टिपणं पाठवते.

एक राहिलं. २०१८ साली, युद्ध संपल्याच्या शंभरीला, तिकडे हिंदी सैनिकांच्या आठवणीसाठी खादीची पॉपी काढली होती. आणि आपल्याकडे दिल्लीत सैनिकी इतिहासाचं काम करणाऱ्या लोकांनी आठवणीचं फूल म्हणून झेंडू सुचवला आहे. पॉपीशेजारी एक झेंडूची पाकळी लावून बघ. मला तरी ते डोळ्यांना बरं वाटतं.

प्रश्न : आपा, सप्रेम नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा दगड चावडीपाशी आहे. दर ११ नोव्हेंबरला आम्ही चार माजी सैनिक हार घालतो. दगडावर आकडा आहे, नावं नाहीत. म्हातारी माणसं सांगायची की गेलेल्यांत गावातल्या मुलाण्यांचाही एक जण होता, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेला. त्यांची चौथी पिढी गावात आहे. त्यांना बोलवावं असं मला फार वाटतं, पण मनात येतं, तो तर तुर्कांशी लढताना गेला, मुसलमानांच्या खलिफाच्या फौजेशी. बोलावलं तर त्यांना अवघड वाटेल का?
– एक माजी सैनिक, जिल्हा सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, नमस्कार. बोलवावं की नाही यापेक्षा त्यांना अवघड होईल का, याची काळजी तुम्ही आधी केलीत. माझ्या टेबलावर आलेल्या या महिन्याच्या पत्रांत मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हेच.

अवघड होतंच. त्या काळी तर फारच. १९१४च्या नोव्हेंबरात तुर्की सुलतानाच्या बाजूनं जिहादचा पुकारा झाला आणि हिंदी मुसलमान शिपाई कात्रीत सापडला. एकीकडे खाल्ल्या मिठाचा सवाल, दुसरीकडे खलिफा. जर्मनांनी तर बर्लिनजवळ मुसलमान कैद्यांची वेगळी छावणी केली, तिथे मशीद बांधून दिली आणि रोज कान भरले. सिंगापूरमध्ये फेब्रुवारी १९१५ मध्ये एका मुसलमान पलटणीनं बंड केलं, सत्तेचाळीस जणांना भिंतीपुढे उभं करून लोकांदेखत गोळ्या घातल्या. ते कुठल्या दगडावर आहेत? मला त्यांचीही आठवण येते, हे तुम्हा लष्करी माणसाला आवडणार नाही कदाचित, पण तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून मनातलं सांगते.

आणि जे लढले त्यांचं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. मेसोपोटेमियात गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या, आपल्याच सातारा-सोलापूर-नगरकडच्या. घरात मराठी आणि दख्खनी बोलणारी माणसं. तिथल्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ही माणसं मराठा गड्यांबरोबर डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकली. घोड्याचं मांस खायची पाळी आली, तेही हिंदू-मुसलमान दोघांनी किती तरी दिवस नाकारलं आणि भुकेनं खंगले. शरण गेल्यावर वाळवंटातून चालवलं, रास अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर जुंपलं. तुमच्या गावचा मुलाणी यातलाच कुणी असेल तर तो मेला तेव्हा शेजारी त्याच्या भाषेत बोलणारा मराठा गडीच असण्याचा संभव जास्त. मुसलमानांची पवित्र गावं करबला आणि नजफ कुटहून फार लांब नाहीत. तो काय विचार करत असेल हे आपण सांगू शकत नाही, त्यानं कुणाला लिहून ठेवलं असेल असंही नाही.

म्हणून आमंत्रणपत्रिका पाठवू नका. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि नुसतं विचारा, ‘तुमच्या पणजोबांचं नाव काय होतं?’ तेवढं नाव तुम्हाला मिळालं की दगडाचं काम निम्मं झालं. ते आले तर हार त्यांच्या हातून घाला, पण भाषणात ‘हे बघा, मुसलमानही देशासाठी लढले’ असलं वाक्य कुणाला बोलू देऊ नका. ते ऐकायला लागलं की माणूस पाहुणा होतो, आणि गाव तर त्यांचंही आहे. नाही आले तर वाईट वाटून घेऊ नका.

नाव नसलेल्या दगडांबद्दल एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली होती, हिंदी अधिकाऱ्यांचीही, पण साध्या हिंदी शिपायांचे नुसते आकडे. धर्म बघून नव्हे, सगळ्यांचेच. मराठा असो, मुलाणी असो, महार असो. स्मारकांचं काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगानं (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) २०२१ साली अहवाल काढून हे स्वतः कबूल केलं आणि माफी मागितली. त्यांच्या हिशेबानं किमान एक लाख सोळा हजार माणसं, बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तची, नावानिशी कुठेच नोंदली गेली नाहीत, किंवा अजिबात नोंदली गेली नाहीत. तेव्हा तुमच्या गावच्या दगडावर पाच-दहा नावं खडूनं का होईना लिहा. पुढे ग्रामपंचायतीकडून कोरून घेता येतील.

प्रश्न : आपा, मी मुंब्र्याला राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पणजोबांबद्दल घरात एवढंच माहीत आहे की ते रत्नागिरीकडचे, बोटीवर होते आणि लढाईत बोट बुडाली. नाव कुठे शोधता येईल?
– एक विद्यार्थिनी, मुंब्रा

उत्तर : तू तर लोकलनंच पोचशील. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या युद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथेच आहे, आणि वर सांगितलेली दुसऱ्या युद्धातली वहीही तिथेच ठेवली आहे. आधी फोन करून जा. पण त्याआधी घरी बसून कॉमनवेल्थ आयोगाच्या संकेतस्थळावर शोध, फुकट आहे.

शोधताना एक ध्यानात ठेव. नावं इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. इब्राहिमचा इब्रामजी, हसनचा हुसेन, कुठे बापाचं नाव आडनावाच्या जागी, कुठे आडनावच नाही. तेव्हा एका स्पेलिंगवर अडून बसू नकोस, पाच-सहा तऱ्हांनी टाकून बघ. काही नोंदींत बापाचं आणि गावाचं नाव दिलेलं असतं, तो धागा सगळ्यात भरवशाचा. गावाच्या नावाचीही मोडतोड झालेली असते, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसव आणि मोठ्यानं वाचून दाखव. ऐकल्यावर ओळखू येतं, वाचून येत नाही. मृत्यूची तारीख मिळाली की त्या दिवशी कुठलं जहाज बुडालं हेही कळू शकतं.

मला माझे नाना असेच सापडले. नाव तर ओळखूच येत नव्हतं. मी दोनदा त्या ओळीवरून पुढे गेले होते. आईला बरोबर नेलं होतं, तिला तेव्हा डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होते. आमच्या गावाचं नाव कसंबसं उच्चारलं तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘परत वाच.’

सापडलं तर मला कळव. नाही सापडलं तरी कळव, पत्त्यासकट पत्र लिही, आपण दोघी मिळून शोधू.